चौथं प्रकरण खोडणार नाही

भिलाई, सेक्टर पाच
२९ ऑगस्ट १९६३

हार्टलीबाईंचं पत्र आलं. बाबांनी स्टोअर ऑफिसातून येता येता पोस्टात घेतलं अन् टिफिनखाली धरून आणलं, तर लिफाफ्यावर वरणाचा डाग. पहिली तीन प्रकरणं चांगली आहेत म्हणे. चौथं काढा. पोरींच्या खेळाले शिक्षण म्हणता येत नाही. फारच जीव असेल तर शेवटी परिशिष्टात टाका, शोभेसाठी.

शोभेसाठी!

तिकडे विलायतेत धुक्यात बसून बाईले कळलं, सेक्टर पाचच्या गल्लीत काय शोभेचं अन् काय कामाचं. पीएच.डी. तिच्या हाताखाली करून राहिली, मान आहेच. मले इंग्रजी नीट लिहायले तिनंच शिकवलं. पण चौथं नाही खोडणार. इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलेच माघार घ्यायची लाज वाटेल.

चौथं म्हणजे भुलाबाईचं, पोरींच्या गाण्या-खाऊच्या खेळाचं. नवीन वसवलेल्या गावात पोरं काय शिकतात, कोणापाशी शिकतात, हा माझा विषय. तीन प्रकरणं शाळेची, चौथं गल्लीचं.

३० ऑगस्ट

ह.बाईंनी आणखी एक काम लावलं. माझी शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवायची की नाही ते कमिटी ठरवणार. तिच्यासाठी ‘शैक्षणिक पार्श्वभूमी’, एक पान, दुरुस्त चौथ्या प्रकरणासोबत, दिवाळीआधीच्या टपालानं. नाही गेलं तर शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्ती नाही तर परत जाणं नाही अन् पदवीही नाही.

लिहायले बसली. प्राथमिक शाळा: तुमसरजवळचं गाव, एक खोली, एक गुरुजी, चारी वर्ग एकमेकांच्या पाढ्यांत पाढे मिसळत. हायस्कूल भंडारा, मावशीच्या घरी भांडी घासून. बी.ए., एम.ए. नागपूर. मग मास्तरीण. मग बोट. वाचून पाहिलं तर हे कोणाचंही असावं असं. मी कुठंच नाही त्यात. म्हणून खाली एक ओळ घातली: भुलाबाई, कळायले लागल्यापासून.

आई भाजी निवडून राहिली होती, तिले वाचून दाखवलं.

“भुलाबाई कोनी शाळेत धरते का वं शालू?”

“मी धरते.”

“मंग चूल-पोतेराही लिही ना!”

“लिहीन.”

“बह्याड झाली पोट्टी,” म्हणे. हसली. पण पान परत एकदा वाचायले लावलं.

३ सप्टेंबर

आज भुलाबाई बसली. दुर्गच्या बाजारातून बाबांनी मातीची जोडी आणली, भुलाबाई अन् तिचा नवरा भुलोजी. भुलोजीचं नाक बसमध्येच गेलं. आईनं कणकेचं नाक लावलं. आता भुलोजी आमच्या दाणीसाहेबांसारखा दिसते. (दाणीसाहेब म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. शाळेत वर्गात मागं बसून मले लिहू देतात ते यांच्याच शब्दावर. म्हणून हे नाकाचं इथंच राहो.)

संध्याकाळी गल्लीतल्या साऱ्या पोरी. पद्मा, शेजारच्या रावगारूंची, घरी तेलुगू. जीतो, तिचे वडील क्रेनवर. आपल्या मराठी चारपाच. अन् मागच्या लाईनीतली दुलारी. तिचा बाप स्टील प्लांटात खलाशी, म्हणजे ओझी ओढणारा मजूर आहे. त्याचं गाव अन् शेत होतं तिथं आता कोक ओव्हन, प्लांटाच्या कोळशाच्या भट्ट्या. गाणी सारी मराठी. दुलारी घरी छत्तीसगढी बोलते, पण कडवं चुकलं तर आपल्या पोरींले तीच अडवते.

ह.बाईसाठी नियम परत लिहून काढले, शेंबड्या पोराले कळेल असे: कोजागिरीपर्यंत रोज एकेका घरी गाणी. मग खाऊ. खाऊ बंद डब्यात. ओळखणाऱ्यानं डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, “गोड का तिखट?” विचारायचं अन् नाव सांगायचं. नाही सांगता आलं तर मोठ्यानं “हरलो” म्हणायचं. तोवर डबा उघडत नाही, बाई. राणी आली तरी उघडत नाही.

८ सप्टेंबर

पद्माकडे. रावगारूंच्या मिसेसनं डबा दिला, जीतोनं हलवला अन् पटकन म्हणे, “अरिसेलु!” बरोबर, त्यांचे गुळाचे अनारसेच ते. बाबा सांगतात, पहिल्या वर्षी याच घरी सारी गल्ली हरली होती. चकली, करंजी, चिवडा, आपली सगळी नावं संपली. आता पोरी नुसत्या आवाजावर सांगतात.

आज डोक्यात लख्ख आलं. खाऊ ओळखायचा तर त्या घरी आधी खाल्लेलं पाहिजे. दुसरा अभ्यासच नाही! पुस्तकात नाही, पाठ होत नाही, नक्कल करता येत नाही. पद्मा अन् दुलारी शाळेत एका बाकावर बसतात. मी मागं बसून पाहिलं आहे. तिथं त्यांले दूर देशांच्या राजधान्या विचारतात. शेजारणीच्या चुलीवर काय शिजते ते कोणी विचारत नाही. हे शिक्षण नाही तर मंग काय आहे, ह.बाई? उद्या हेच लिहिते, ठासून.

१२ सप्टेंबर

दाणीसाहेब घरी आले. आईनं चांगल्या कपात चहा केला. साहेब म्हणे, “शालिनीताई, तुमच्या भुलाबाईच्या अभ्यासावरून मले कल्पना सुचली. कोजागिरीले मंडळाची भुलाबाई स्पर्धा! मंडप, माईक, परीक्षक. रशियन इंजिनीयरच्या मिसेस पाहुण्या.”

मी खूश. मूर्ख मी. पुढं म्हणे, “मुली फक्त मराठी. उच्चार शुद्ध. गल्लीतली ही जी खिचडी होऊन राहिली ना, ती स्टेजवर नको. पाहुण्यांले आपली संस्कृती स्वच्छ दिसली पाहिजे.”

मी म्हटलं, “साहेब, खिचडी स्वच्छच असते. आम्ही रोज खातो.”

बाबा खोकले. साहेब हसले नाहीत. जाताना दारात चपला घालत म्हणे, “शाळेत सगळं ठीक चालून राहिलं ना तुमचं? काही अडचण आली तर सांगा.” फार प्रेमानं बोलले. परवानगी त्यांच्याच शब्दावर आहे ना.

१३ सप्टें.

बाबा: “साहेबाशी कावून तोंड लावून राहिली? मले रोज त्याच बसमध्ये बसा लागते.”

मी: “मंग खिडकीकडे पाहा.”

नको होतं बोलायले. बाबा तंबूत राहिले इथं, पहिल्या उन्हाळ्यात, ताप अंगावर काढला, तेव्हा कुठं हे दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यांची भीती फुकटची नाही. पण त्यांची आहे. मी कावून घेऊ?

२२ सप्टेंबर

आज दुलारीकडे. आपल्यातल्या दोन पोरी “पोट दुखते” म्हणून आल्या नाहीत. पोटं त्यांच्या आयांची दुखून राहिली होती. बाकी साऱ्या आल्या. खाटेवर भुलाबाई मांडली, घरची मूर्ती नाही तर शाडूचा गोळा अन् त्याले हळदकुंकू. दुलारीच्या आईनं, मी त्यांले दाई म्हणते, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, डबा दिला. पद्मानं हलवला, कान लावला, “ठेठरी! अन् मागून खुरमी!” दोन्ही बरोबर. ठेठरी बेसनाची, तिखट. खुरमी गूळ-कणकेची, दाताले घाम फोडते. मी चार खाल्ल्या.

दुलारी विचारे, “दीदी, तैं का लिखत हस?” म्हटलं, तुझंच. ती म्हणे, मग आधी खा, मग लिही.

आईले यायले सांगितलं होतं. नाही आली. आई त्यांच्याकडचं पाणीही घेत नाही. दुलारी आमच्याकडे गाते, ते चालते. मी घरी येऊन भांडली. आई म्हणे, “माह्यं मले करू दे.” तव्यावर पोळी करपली.

२८ सप्टें.

पोरींची सभा, पाण्याच्या टाकीजवळ. स्पर्धेत जायचं ठरलं. सगळ्यांनी. मी सांगितलं, नियम असा असा आहे, हाकलतील. जीतो म्हणे, गाण्यावर नाव लिहिलं असते का? पद्मा म्हणे, नावं शेवटी विचारतात, तोवर गाऊन घेऊ.

हे मी शिकवलं नाही, देवाशपथ. पण अडवलंही नाही. खाऊ कोणाच्या घरचा न्यायचा त्यावर खूप भांडण. दुलारीचं नाव निघालं.

३ ऑक्टोबर, कोजागिरी

रात्र फार झाली. तरी लिहिते.

मंडप भरला. टेबलामागं दाणीसाहेब, त्यांच्या मिसेस, अन् रशियन बाई, गळ्यात झेंडूचा हार. आपल्या पोरी चढल्या, गायल्या. असं गायल्या की दाणीबाईंनी टाळ्या वाजवल्या. एक शब्द चुकला नाही. माईकवर नावं सांगायची वेळ आली. पद्मा राव. जीत कौर. दुलारी. साहेबांचा चेहरा हळूहळू उतरला, पण पाहुणी शेजारी बसलेली, बोलतात कसे?

मग खाऊ. अन् इथं साहेबांनी जी चूक केली ती आपलाच माणूस करू जाणे! स्पर्धा ठेवली, नियम छापले, परीक्षक म्हणून मधोमध बसले. अन् विसरले की भुलाबाईत हरते तो ओळखणारा. ज्याच्या हाती डबा तो परीक्षेले बसलेला. स्वतःच जाऊन त्या जागी बसले हो!

दुलारीनं डबा दिला. रशियन बाईनं खडखड हलवला, कानाशी धरला, हसत सुटली अन् हिंदीत म्हणे, “हार गई!” टाळ्या. आता साहेब. चकली. नाही. शेव. नाही. शंकरपाळे, चिरोटे, करंजी, कडबोळी. नाही, नाही, नाही. साऱ्या पोरी एका सुरात. मागून कोणी ओरडलं, “हरलो म्हणा साहेब!” मग सगळेच. “हार मानो साहब!” क्रेनवाले, खलाशी, क्लार्क, सगळे.

साहेब म्हणे, “हा पदार्थ नियमात बसत नाही.”

दुलारी डबा परत घेऊन छातीशी धरून उभी. उघडेना. हरलो म्हटल्याशिवाय कसा उघडेल?

दाणीबाई बिचाऱ्या वेळ निभवायले म्हणाल्या, “बोरकरबाई, तुमच्याच मागच्या लाईनीतली ना ही? तुम्ही तरी ओळखा.” आई बायकांत बसली होती. उठली. गेली. डबा घेतला दुलारीच्या हातून, हलवला, कानाशी धरला. मी मनात ओरडून राहिली, ठेठरी, आई, ठेठरी.

“हरली मी,” आई म्हणाली. डबा परत दिला अन् जागेवर येऊन बसली. पदर सावरला. माझ्याकडं पाहिलं नाही.

मग दुलारीनं डबा उघडला. आधी आईकडं घेऊन आली. आईनं मान हलवली, नको. बक्षीस दुसऱ्या गल्लीले मिळालं. आमच्या पोरी रस्त्यानं नाचत घरी आल्या. साहेब शेवटपर्यंत हरलो म्हणाले नाहीत.

५ ऑक्टोबर

शिपाई चिठ्ठी घेऊन आला. शाळांत बसायची परवानगी ‘सध्या’ थांबवली. कारण दिलेलं नाही. कारण आम्ही सगळे मंडपात पाहून आलो.

बाबा जेवले नाहीत. “माफी माग त्याईची. दोन शब्द. काय जाते?”

“चौथं प्रकरण जाते, बाबा.”

“अवो, पण शाळाच गेली तं पहिलं, दुसरं, तिसरं काय कामाचं?”

त्यात मुद्दा आहे. तिन्ही शाळेची प्रकरणं अर्धी लटकली. ह.बाईले हवं ते माझ्याजवळ नाही, अन् माझ्याजवळ आहे ते तिले नको. मागच्या दारी बसून रडली थोडं. मग राग आला रडण्याचा. उठून तोंड धुतलं. माफी मागणार नाही. मी काय चोरलं कोणाचं? पोरी गायल्या अन् एक माणूस हरला. हरला तर हरला म्हण ना बाप्पा! भुलाबाई काय कोणाले खाते?

६ ऑक्टो.

शाळा बंद तर गल्ली उघडी. सकाळी दाईच्या अंगणात बसून लिहिलं. दाईनं खाट बाहेर काढून दिली अन् विचारलं नाही, किती दिवस.

९ ऑक्टोबर

चौथं नव्यानं लिहिलं. लहान नाही केलं, वाढवलं. कोजागिरी सगळी घातली: साहेब नाव न घेता, डबा, हरलो. आई पण घातली. ‘संशोधिकेच्या आईला खाऊ ओळखता आला नाही, कारण त्या घरी ती कधी जेवलेली नाही.’ इंग्रजीत हे वाक्य फार सोपं झालं.

पार्श्वभूमीचं पानही पक्कं. भुलाबाईची ओळ तशीच ठेवली. कमिटी हसेल तर हसो.

ह.बाईले वेगळं दोन ओळींचं लिहिलं: तुमचा मान ठेवून सांगते, चौथं काढायचं असेल तर माझं नावच काढा. हे पाठवायची हिंमत आहे का? आहे. लिहिलं ना.

बाबांनी टाइपरायटरची नवी रिबन आणली पॉवर हाऊसच्या बाजारातून. टेबलावर ठेवली अन् बी शिफ्टची, दुपारपाळीची बस धरायले गेले.

१२ ऑक्टो.

टाइप झालं. कार्बन कॉपी घरी, मूळ प्रत लिफाफ्यात, डिंक लावून बंद. परवा टपाल. दिवाळीआधीचं शेवटचं.

१४ ऑक्टोबर

लिफाफा पिशवीत घालून निघालीच होती. आई दिवाळीचा फराळ करायले बसली होती, शंकरपाळ्याची कणीक मळून राहिली. म्हणे, “जाचं असन तं जाजो. आधी मले वाचून दाखव. माह्यं नाव हाय म्हणे त्याच्यात.” बाबांनी सांगितलं असेल.

कार्बन कॉपी काढली. इंग्रजीतून मराठी करत वाचत गेली. आईले मजा येत होती. साहेबांच्या ठिकाणी खुदकन हसली, “कडबोळी म्हणे!” मग ते वाक्य आलं. गाळता आलं असतं, तिले कुठं कळणार होतं? नाही गाळलं. वाचलं.

आईचे हात कणकेत थांबले.

“खोटं आहे का?” मी म्हटलं. माझाच आवाज चढला होता.

“खोटं कोन म्हणते? अर्धं हाय.”

“म्हणजे?”

“तुह्या ह्या प्रकरणात काय हाय? पोट्टे घरी शिकते, गल्लीत शिकते, शाळेतल्यापेक्षा पक्कं शिकते. हाय ना? चांगलं म्हणून लिहिलं तू. अन् मी? मी का बिनशिकली हाय? अवो, मी लहान होती तं आमच्या गोठ्यात शेणपाण्याले एक बाई ये. तिची पोरगी माह्यी मैतरीण. तिच्या हातची बोरं खाल्ली मी एक दिवस. माह्या मायनं चुलीतल्या राखेनं माह्ये हात घासले. तोंड घासलं. रगत आलं तरी घासलं. अन् त्या पोरीले माह्यासमोर हाकललं. तवापासून कोनाचं घेतलं नाई. तुह्या नागपुरात, तुह्या ईलायतेत इतकं पक्कं कोनी शिकवते का? हे कोनत्या प्रकरणात हाय तुह्या?”

मी म्हटलं, हे शिक्षण नाही, हा मार आहे.

“मंग गुरुजी छड्या मारत ते काय व्हतं? ते तं लिहिलं तू शिक्षण म्हणून.”

लिहिलं आहे. पहिल्या प्रकरणात, दुसऱ्या पानावर. मीच तिले वाचून दाखवलं होतं.

मले राग आला. आईचा आला, त्या मेलेल्या आजीचा आला, माझा तर फारच. मी भांडली. म्हटलं, तुले इतकं कळते तर त्या दिवशी दुलारीनं डबा समोर धरला तेव्हा एक उचलली कावून नाही? सगळा मंडप पाहत होता. आई म्हणे, “हात उठला नाई. मले का वाटलं नसन? उठलाच नाई.” अन् कणीक परत मळायले लागली, जोरानं, परात सरकत होती तिची.

मी तिथंच जमिनीवर बसून लिफाफा फाडला. बाबा “अवो, अवो” करत धावत आले, “टपाल निघून जाईन ना वं!” निघू दे. अर्धं प्रकरण पाठवून मिळालेली पदवी माझ्या काय कामाची? कमिटी थांबली तर थांबली, नाही तर नाही. ह.बाईले मी उद्या तार करीन, काय करीन ते पाहीन. पण आईचं हे चौथ्यात येईल, मधोमध येईल, अन् राखेसकट येईल.

“आई, सगळं सांगशील? नाव घालून लिहिणार आहे मी.”

आईनं हाताची कणीक काढली, एकेक बोट करून.

“सांगीन. नाव बी घाल. पण तुह्या त्या हार्टलीबाईले आधी ईचार, तिच्या मायनं तिले कोनाकोनाच्या हातचं खाऊ नोको म्हणून सांगतलं व्हतं. तिनं लिहिलं का ते कुठी?”